‘मी तर काहीच बोललो नाही!’

न्यू जर्सीतून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते. घरात पंधरा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. नवरा नव्वदच्या दशकात एमएस करायला अमेरिकेत आला, तेव्हा रात्री केबलवर लागणारी ‘हॅपी डेज’ ही जुनी विनोदी मालिका बघून त्याचा इंग्रजीचा कान तयार झाला. ‘यात घाणेरडं काही नाही, सगळ्यांनी मिळून बघावं असं आहे’ म्हणत या उन्हाळ्यात त्याने ती मुलांसाठी पहिल्या भागापासून लावली. त्याच सुमारास मुलगा मंडळातल्या एका मुलीबरोबर सिनेमाला गेला. दोघं एका शाळेतले, गणपतीच्या नाचातही दोघं एकत्र. चार दिवसांत मुलांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये त्या संध्याकाळबद्दल नको नको ते फिरू लागलं. मुलगा म्हणतो, ‘काहीही झालं नव्हतं. आणि मी तर काहीच बोललो नाही, तेच बोलत होते.’ आईने फोन बघितला. ‘मग? झालं का?’ या प्रश्नाला त्याने फक्त एका कोपऱ्यातून हसणारा पिवळा चेहरा पाठवला होता. ग्रुपमध्ये आता त्याला ‘लेजंड’ म्हणतात. ती मुलगी तीन रविवार तालमीला आलेली नाही; आधी ती यांच्याच गाडीतून यायची. नवरा म्हणतो, या वयात चालायचंच, पोरं विसरतील. आई लिहिते, ‘ती मुलगी तशी जरा जास्तच मोकळी आहे. आगीशिवाय धूर निघत नाही, असंही वाटून जातं.’ गप्प बसावं, तिच्या आईला फोन करावा, की आधी ती मालिका बंद करावी, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी ता. क.: ‘परवा धाकटीने मध्येच विचारलं, फॉन्झीच्या (मालिकेतला चामडी जाकिटातला, मोटरसायकलवाला तरुण) मागे एवढ्या मुली असतात, मग त्याला कुणी नावं का ठेवत नाही? बाबा म्हणाले, गप्प बस, ऐकू दे.’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ता. क. मध्ये लिहिलं आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण मुलाचं काय करायचं याचा रस्ता धाकटीच्या प्रश्नातून जातो असं मला वाटतं.

मालिका पहिल्या भागापासून लावली म्हणता, म्हणजे १५ जानेवारी १९७४ ला एबीसी वाहिनीवर दाखवलेला तो भाग तुमच्या दिवाणखान्यात बघून झाला आहे. काळ १९५० च्या दशकातला, गाव मिलवॉकी. रिची कनिंगहॅम हा सरळमार्गी, मुलींसमोर गडबडणारा मुलगा. त्याची मेरी लू नावाच्या मुलीशी गाठ घालून दिली जाते, ती तिचं शाळेत ‘नाव’ आहे म्हणूनच. प्रत्यक्षात पोरांच्या डोक्यात असतं तसं काही घडत नाही. पण मित्र वाट बघत असतात, आणि रिची त्यांना हवं ते समजू देतो. गोष्ट तुमच्या घरात घडली त्याच्या इतकी जवळची आहे, की तुमचं पत्र वाचताना मी दोनदा थांबले.

त्या भागात आपण रिचीच्या बाजूने बसलेले असतो. त्याची धडधड, त्याची लाज, मित्रांसमोर खाली बघावं लागू नये म्हणून त्याची धडपड, सगळं आपल्याला कळतं. त्याचं घर, आई, वडील, धाकटी बहीण आपल्या ओळखीची होतात. मेरी लूच्या घरी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर काय झालं, हे मात्र आपल्याला कुणी दाखवत नाही. आणि एक प्रश्न तिथे कुणीच विचारत नाही: तिचं ते ‘नाव’ मुळात कुठून आलं? रिचीने जे केलं तेच त्याच्या आधी आणखी कुणी केलं असेल, तर? त्याच्यासारखाच एखादा घाबरलेला मुलगा, त्याच्यासारख्याच एका संध्याकाळी, मित्रांना बघून नुसता हसला असेल. तुम्ही धुराचं म्हणालात. ताई, तो भाग धूर कसा तयार होतो हेच दाखवतो. आग नसते. आग असावी अशी चार मुलांची इच्छा असते, आणि पाचवा ती मोडत नाही.

आता फॉन्झी. त्याच्या चुटकीवर मुली धावत येतात. मालिकेच्या पहिल्या दोन वर्षांत हसू बहुतेक वेळा वरून जोडलेलं असायचं. तिसऱ्या वर्षापासून चित्रीकरण प्रेक्षकांसमोर होऊ लागलं. तेव्हापासून फॉन्झी दारातून आला की अख्खा स्टुडिओ कसा उसळतो, ते पुढचे भाग लावाल तेव्हा ऐका. धाकटीने नेमकं हेच पकडलं आहे. मला याहून बोलकी वाटते ती त्याच्या जाकिटाची गोष्ट. सुरुवातीला वाहिनीला फॉन्झीचं चामड्याचं जाकीट खटकत होतं. त्यात तो गुंड दिसेल, अशी भीती. मग तो मोटरसायकलजवळ असेल तेव्हाच जाकीट घालेल, असं ठरलं. निर्माते गॅरी मार्शल यांनी मोटरसायकल जिथे तिथे त्याच्याजवळ ठेवून त्यातून वाट काढली. वाहिनीतल्या मोठ्या माणसांनी या मुलाच्या नावाची काळजी केली, ती एवढीच. कपड्यांची. मुलींवरून त्याचं नाव खराब होईल, असं कुणाच्या मनातही आलं नसावं. १९८० मध्ये ते जाकीट स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं.

त्याच मालिकेत १९७५ मध्ये लव्हर्न आणि शर्ली या दोन मैत्रिणी आल्या. फॉन्झीच्या ओळखीच्या, रिचीला बाहेर न्यायला बोलावलेल्या. अशा मुली, ज्यांच्याबरोबर ‘काळजी नको’. लोकांना त्या आवडल्या आणि जानेवारी १९७६ मध्ये त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तिथे त्या दारू कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्यावर राबणाऱ्या, तळघरातल्या खोलीत राहणाऱ्या, लग्नाआधी कुठपर्यंत जायचं याचे नियम पाळणाऱ्या मुली झाल्या. शर्ली तर फारच. शरीरसंबंधाला त्या सरळ नाव घेत नाहीत, ‘व्हो-डी-ओ-डो’ असा गमतीचा शब्द वापरतात. मला त्या दोघी मनापासून आवडतात. पण दर आठवड्याला लोकांच्या घरात यायचं तर आधी त्यांना स्वच्छ धुऊन घ्यावं लागलं, हे दिसतंच. फॉन्झीला कधी धुवावं लागलं नाही. तो होता तसाच २५५ भागांच्या मालिकेचा नायक झाला.

हे फक्त टीव्हीवाल्यांचं होतं असंही नाही. रिचीचा काळ म्हणजे आल्फ्रेड किन्सी यांच्या संशोधनाचा काळ. अमेरिकन पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा त्यांचा अहवाल १९४८ मध्ये आला. खळबळ झाली, पुस्तक धडाधड खपलं. १९५३ मध्ये स्त्रियांवरचा आला. विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचा लग्नाआधी संबंध आला होता, असं त्यात निघालं. या वेळी संतापाची लाट उसळली, आणि १९५४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने त्यांच्या कामाचे पैसे थांबवले. लग्नाआधीचे ते संबंध कुणाबरोबर तरी आलेच असणार. ते पुरुष पहिल्या पुस्तकात होते. तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या आणि पुढे गेले. हे मी माहितीसाठी सांगत नाही. तुमच्या मुलाला ‘लेजंड’ आणि त्या मुलीला जे काही म्हणत असतील ते, हे दोन शब्द एकाच संध्याकाळीतून निघाले आहेत. ही वाटणी फार जुनी आहे आणि ती कुठल्या एका देशाची नाही. बाईची अब्रू काचेचं भांडं, असं आपल्याकडेही म्हणतातच. भांड्याला हात लावणाऱ्याबद्दल म्हण काही सांगत नाही.

आता तुमच्या मुलाचं वाक्य. ‘मी तर काहीच बोललो नाही.’ तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, त्याला ते खरंच वाटत असेल. पण तो पिवळा चेहरा त्याने पाठवला. आणि पाठवला नसता तरी? सगळे ‘झालं’ म्हणत असताना, खरं काय ते माहीत असलेला एकटा माणूस गप्प बसला, तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ सगळे ‘हो’ असाच घेतात. त्यातून त्याला काहीतरी मिळालं. मान मिळाला, ग्रुपमध्ये जागा मिळाली. त्याची किंमत दुसऱ्याच कुणाकडून वसूल झाली, आणि ती तीन रविवार घरात बसली आहे. अफवेचा फायदा ज्याला होतो, ती मोडण्याचं काम त्याचं. हे त्याला कळणं मला त्याच्या माफीपेक्षाही जास्त गरजेचं वाटतं.

मी हे इतकं आग्रहाने का लिहितेय, तेही सांगते. आमच्या कॉलेजात, ऐंशीच्या दशकात, वर्गातल्या एका मुलीचं नाव कुणीतरी कर्कटकाच्या टोकाने बाकावर कोरलं होतं. खाली एका मुलाचं नाव आणि आणखी एक शब्द. त्याच बाकावर तिला रोज बसावं लागे. वर्गात आली की ती आधी वही काढायची आणि त्या जागेवर ठेवायची, तास संपेपर्यंत उचलायची नाही. लिहायला दुसरी वही. त्या मुलाला ठाऊक होतं की यात काही तथ्य नाही. कँटीनमध्ये कुणी पाठीवर थाप मारली की तो मान खाली घालून हसायचा. मलाही ठाऊक होतं, कारण त्या संध्याकाळी ती माझ्या घरी होती. मी बोलले नाही. आपलंही नाव त्यात ओढलं जाईल अशी मला भीती वाटली. दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडलं आणि बाहेरून परीक्षा दिली. ‘पोरं विसरतील’ असं तुमचे यजमान म्हणतात ते बरोबरच आहे, आमच्या वर्गातली पोरंही विसरली. तिने विसरावं अशी सोय कुणी केली नाही.

म्हणून ‘ती जरा जास्तच मोकळी आहे’ हे तुमचं वाक्य मी सोडून देऊ शकत नाही. रागावून म्हणत नाही. मुलावर काही येऊ नये म्हणून आईचं मन कुठे कुठे आधार शोधतं, ते मी समजू शकते. पण तालमीत ती सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकते, यावरून त्या संध्याकाळी काय घडलं ते कळत नाही. आणि तुमचा मुलगा स्वतः सांगतोय की काही घडलं नाही. त्याच्यावर विश्वास असेल, तर धुराचा प्रश्नच उरत नाही. आणि समजा काही घडलं असतं, तरी? ती गोष्ट त्या दोघांची असती. पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये वाटायला ती तेव्हाही त्याची एकट्याची नव्हती.

मग करायचं काय? आधी मुलाशी बोला, आणि शक्यतो हे काम त्याच्या बाबांनी करावं. मला ‘हॅपी डेज’ बंद करावीशी वाटत नाही, त्याचं एक कारण म्हणजे हॉवर्ड कनिंगहॅम. हार्डवेअरचं दुकान चालवणारा तो बाप दमून घरी येतो, आणि मुलाचं बिनसलंय हे दिसलं की त्याच्याजवळ बसतो. आरडाओरडा नाही, लांबलचक भाषण नाही. तुमच्या यजमानांना ती मालिका इतकी वर्षं प्रिय आहे ती कदाचित यासाठीही असेल. नव्याने आलेल्या परदेशात, एकट्या खोलीत बघताना. गाडीत बोलणं बरं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. फोन काढून घेण्यापासून सुरुवात करू नका, कारण त्याच फोनवरून त्याला पुढचं काम करायचं आहे. ‘तू असं का केलंस’ याऐवजी ‘त्यांनी विचारलं तेव्हा तुला कसं वाटलं’ हे विचारलं, तर तो बहुधा खरं सांगेल. भीती वाटली, भारीही वाटलं. दोन्ही त्याला म्हणू द्या.

त्यानंतर पहिला निरोप त्या मुलीला जायला हवा, आणि तो त्याचा स्वतःचा असावा. दोन-तीन वाक्यं पुरेत: मला खरं माहीत होतं, मी सांगितलं नाही, चूक माझी आहे, मी आता ग्रुपमध्ये लिहू का? परवानगी विचारणं महत्त्वाचं. कदाचित तिला विषय पुन्हा उकरलेला नको असेल. मग त्याने त्या तीन-चार मुलांना गाठून तोंडी सांगावं. ती हो म्हणाली तर ज्या ग्रुपमध्ये तो चेहरा पाठवला, त्याच ग्रुपमध्ये लिहावं: ‘त्या दिवसाबद्दल इथे चाललंय ते खोटं आहे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तिच्याबद्दल बोलणं थांबवा.’ ‘ती तशी मुलगी नाही’ असं मात्र लिहू नये. चांगल्या मनाची माणसंही पटकन हेच वाक्य बोलतात. पण त्यात ‘तशा’ मुलींचा एक डबा शिल्लक राहतो आणि उद्या दुसरी कुणी त्यात जाते. चारित्र्याचा दाखला देणं हे तुमच्या मुलाचं काम नाही. त्याने आपण केलेलं मागे घ्यायचं आहे, इतकंच. ‘लेजंड’पण जाईल, एक-दोन मित्रही जातील. त्याला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो मध्येच कच खाणार नाही.

तिच्या आईला फोन करावा का? करावा, पण आज नाही. मुलीने घरी काय सांगितलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. तालमीला का जात नाही, यावर तिने गृहपाठाचं कारण दिलं असेल. तुमच्या फोनने सगळं एकदम बाहेर आलं आणि घरात तिच्यावरच बंधनं आली, तर ही दुसरी शिक्षाही तिलाच होईल. मुलाच्या निरोपातून तिला कळू द्या की तुम्हाला हे माहीत आहे आणि तुम्ही तिच्या आईशी बोलू इच्छिता. तिला दोन दिवस द्या. मग फोन कराल तेव्हा फक्त तुमच्या मुलाने काय चूक केली ते सांगा. ‘तुमची मुलगी काय म्हणते?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून येऊ नये. एका गोष्टीसाठी मात्र थांबू नका. शाळेत तिला उद्देशून शेरे मारले जात असतील, कुणी फोटो फिरवत असेल, किंवा ती फारच खचलेली दिसत असेल, तर मोठ्यांनी लगेच मध्ये पडायला हवं. न्यू जर्सीत २०११ पासून शाळांमधल्या छळवणुकीविरुद्ध कडक कायदा आहे. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते आणि तक्रार आली की शाळेला चौकशी करावीच लागते. फोनवरच्या ग्रुपमधल्या गोष्टीही, शाळेत त्याचे परिणाम दिसत असतील तर, त्यात येऊ शकतात. हे तिच्या आईला ठाऊक नसेल, तर सांगायला विसरू नका.

आणि मंडळाचं स्वयंपाकघर. मोदकाची उकड काढताना कुणीतरी विषय काढेलच. तिथे तुम्ही ‘माझ्या मुलाच्या बाबतीतलं आहे, मला माहीत आहे, ते खोटं आहे आणि त्याच्या गप्प बसण्याने वाढलं’ एवढं चारचौघींत मोठ्याने म्हणालात, तर ती कुजबुज तिथेच थांबण्याची शक्यता पुष्कळ आहे. मुलाच्या आईनेच म्हटल्यावर पुढे चघळायला फार काही उरत नाही. तुमच्यासाठी हे सोपं नाही, याची मला कल्पना आहे.

ज्या वाचकांच्या घरी अशी घरात बसलेली मुलगी आहे, त्यांनाही सांगते. ‘तू गेलीसच कशाला?’ हा प्रश्न गिळून टाका. नाच, तालीम, पोहणं, जे काही तिचं बंद पडलंय ते सुरू करायला मदत करा. ते ‘काही दिवस’ तुम्हीच बंद केलं, तर घरच्यांनाही ते खरं वाटतं, असंच तिला कळेल. तिला कुणाला काय उत्तर द्यायचं ते तिचं तिला ठरवू द्या आणि ती ठरवत असताना जवळ बसा.

राहिली मालिका. बंद करू नका. मुलगा ती बघून बिघडला असं मला वाटत नाही, त्याने जे केलं ते रिचीने १९७४ मध्ये केलं आणि आमच्या वर्गातल्या मुलाने त्यानंतर दहा वर्षांनी, ‘हॅपी डेज’चं नावही न ऐकता. उलट, तो पहिला भाग मुलाशी बोलणं झाल्यावर पुन्हा लावा. आणि आज रात्री जेवताना धाकटीला सांगा, की फॉन्झीबद्दलचा तिचा प्रश्न चांगला होता, त्याला गप्प केलं ते चुकलं. तिला काय वाटतं ते विचारा. बाबांना आणि दादाला तिथेच बसू द्या.